भिंतीला लागून

मेडिकल चौकातून आमच्या गल्लीत वळलं
की कॉलेजची भिंत लागते.
तिच्यावर खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या,
आणि एका जागी विटा निखळून पडलेलं भोक.
रामबागेतल्या शेळ्या त्यातून आत चरायला जातात.

मी सात दिवस गेटमधून गेले.
आठव्या दिवशी चौकीदार म्हणाला,
घरी जा डॉक्टरीणबाई,
आता समदं मोबाइलवर.

घर चारशे दहा पावलांवर. मोजली.

सर भिंतीपलीकडे बसून शिकवतात.
त्यांचा आवाज आधी आभाळात जातो म्हणे,
कुठल्या कुठल्या मुलखांवरून फिरतो
आणि आमच्या टिनाच्या छपरातून खाली उतरतो
तोवर सर पुढच्या नसेवर गेलेले असतात.
बाकीचे सगळे काळे चौकोन.
एकाच्या घरी पोपट आहे, एवढंच मला माहीत आहे.

कूलर चालू ठेवला तर सर ऐकू येत नाहीत,
बंद केला तर मी उरत नाही.
ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन
ब्रेकियल प्लेक्सस काढते.
घामाचा थेंब पडतो
आणि मीडियन नर्व्हची शाई मनगटाच्या बाहेर पसरते.

व्हिडिओत प्रेत अंगठ्याएवढं.
दोन बोटांनी ताणलं की मोठं होतं,
आणखी ताणलं की नुसते ठिपके.
वास कसलाच नाही.
म्हणजे आहे,
पण तो शेजारच्या सावजी मसाल्याचा.

बारा वाजता सुगत दारात उभा राहतो.
त्याची सातवी. फोन त्याचा.
माझा हात खांद्यापासून कोपरापर्यंतच झालेला असतो.

आई मात्र रोज त्याच गेटमधून आत जाते.
कंत्राटी आया. गळ्यात कार्ड, डब्यात दोन पोळ्या.
परत येते तेव्हा नाकावर मास्कचा लाल वळ,
मागच्या मोरीत अंघोळ,
कपडे वेगळ्या दोरीवर.
मग तीन हात लांब बसून विचारते,
"आज का शिकवलं व?"
तिला माझा फोन हा
कॉलेजात जायचा कुठलासा आडरस्ता वाटतो.
वाटू दे.

भंडाऱ्याचा एक सीनियर गावी जाताना
हाडांचं पोतं देऊन गेला, भाड्याने.
ते दिवाणाखाली, तांदळाच्या पिंपामागे.
घरमालकिणीला सांगितलंय, लोखंडी सामान आहे.
रात्री मी एक हाड काढलं. क्लॅव्हिकल.
वाकडं, हलकं, कोणी तरी लाल पेनाने खुणा केलेल्या.
पुस्तक उघडं, तरी डावं की उजवं कळेना.

आईने हात पुढे केला. पहिल्यांदाच जवळ आली.
हाड स्वतःच्या गळ्याखाली धरलं,
आधी या बाजूला, मग त्या बाजूला,
ब्लाउजचं माप बघावं तसं.
"हे उजवीकडलं हाय," म्हणाली.
"चपटं टोक खांद्याकडं. उलटं धरलं का बसतच नाही."
आणि मग हळूच,
"बाईचं असन. किती बारीक हाय."

मी तिच्या गळ्याखाली बोट फिरवलं.
मधोमध एक गाठ लागली,
जुनी, दगडासारखी.
स्ट्रेचरचा दांडा लागला होता म्हणे, मी तिसरीत असताना.
सुट्टी नाही घेतली.

शुक्रवारी तोंडी परीक्षा.
रोल नंबर एकशे बेचाळीस, शलाका गजभिये,
कॅमेरा ऑन.
सरांनी तेच हाड वर धरलं. साइड?
राइट, सर.
कसं ओळखलंस?
मी पुस्तकातलं सगळं घडाघडा म्हणाले,
चपटं टोक, गोल टोक, खालची खोबण.
सर म्हणाले, गुड.

आईचं नाव घेता आलं असतं.
तोंडात आलं होतं, नेटही व्यवस्थित होतं.

त्या वेळी ती भिंतीपलीकडे,
सरांच्या खोलीखाली दोन मजले,
कोणाला तरी कुशीवर वळवत असणार,
उजव्या खांद्याखाली हात घालून.